अर्धा श्वास आधी

कागदावरचं सगळं बरोबर होतं. ताईचं वय, तिचं शिक्षण, ती चिमणी या कॅराओके डिस्कच्या कंपनीत कधी आली आणि तिचं काम काय. ‘पडद्यावर उमटणाऱ्या गीताच्या प्रत्येक अक्षराचा रंग कोणत्या क्षणी बदलावा हे निश्चित करणे.’ घरात या कामाला रंग चढवणं म्हणत. कायद्याच्या भाषेत ते एवढं लांबलचक होतं याचं तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती शेवटच्या परिच्छेदाशी पोचली.

‘सुराच्या किंचित आधी रंग बदलणे ही निव्वळ सजावट असून गाणाऱ्या व्यक्तीस तिचा कोणताही उपयोग होत नाही.’

सही करायची म्हणून पेन तिने आधीच उघडून धरलं होतं. तिने त्याचं टोपण लावलं.

ताई, तिचा मोठा भाऊ दादा, कंपनीच्या वकीलबाई, सगळे चाचणीच्या खोलीत बसले होते. कारखान्याच्या माडीवरची ही खोली. भिंतींना जाड कापडाच्या गाद्या ठोकलेल्या, एक सोफा, काही खुर्च्या, टीव्ही आणि दोन माइक. डिस्क बाजारात जाण्याआधी इथे कोणीतरी ती लावून गाऊन बघायचं. इमारतीत तेवढी एकच खोली शांत होती, म्हणून घरातली भांडणंही इथेच व्हायची. बाहेर काही ऐकू जात नसे.

दादाची मुलगी चिंगी टीव्हीपाशी उभी होती. तिने पडदा दोन भागांत विभागला होता. डावीकडे चिमणी, म्हणजे त्यांची स्वतःची कंपनी. उजवीकडे कावळा, म्हणजे धाकट्याची. धाकटा हा दादाचा आणि ताईचा सख्खा भाऊ, घरातला छोट्या. वडील, अप्पा, गेल्यावर दादाशी बिनसलं आणि तो बाहेर पडला. स्वतःच्या डिस्क काढायला लागला तेव्हा चिन्ह म्हणून त्याने कावळा घेतला. चिमणीला गाता येतं, आमच्या गिऱ्हाइकांना येत नाही, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा. हॉटेलवाले हसायचे आणि डिस्क घ्यायचे.

दादाने दावा लावला तो आधी या कावळ्यावरच. चिमणी आणि कावळा ही नावं लहानपणापासून जोडीनं कानावर पडलेली, तेव्हा लोकांना दोन्ही कंपन्या एकाच घरच्या वाटतात, असा वकीलबाईंचा मुद्दा होता. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी विचारलं की हे दोन पक्षी समोर असताना ज्याचा गोंधळ उडाला असा एक तरी ग्राहक आहे का. तो मुद्दा तिथेच लंगडा झाला. मग चिंगीने मोजमापं काढली.

तिने दोन्ही कंपन्यांचं एकच गाणं घेतलं होतं. वादक वेगळे, लय थोडी संथ-जलद, अक्षरांचं वळणही वेगळं. पण सूर कधी लागतो आणि अक्षराचा रंग कधी बदलतो यातलं अंतर तिने रेघ काढून दाखवलं, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. रंग सुराच्या आधी बदलत होता, साधारण अर्ध्या श्वासाइतका. बाजारातल्या इतर कोणाच्याही डिस्कमध्ये असं होत नव्हतं.

“योगायोगाने एवढं जुळत नाही, आत्या,” चिंगी म्हणाली. तिला आत्याची शाबासकी हवी होती. मोजायला तिला आत्यानेच शिकवलं होतं.

ताई म्हणाली की रेघा बरोबर आहेत.

मग वकीलबाईंनी छत्रीचं उदाहरण दिलं. छत्रीची मूठ वाकडी असते ती धरायला सोयीची म्हणून. उद्या कोणी म्हणालं की वाकडी मूठ ही माझी खूण आहे, दुसऱ्या कोणी करू नये, तर कोर्ट ऐकणार नाही. सोय सगळ्यांची असते. पण एखादा छत्रीवाला प्रत्येक मुठीवर लाल पट्टा ओढत असेल, त्या पट्ट्याने पावसापासून काही वाचत नसेल आणि तरी लोक पट्टा बघून छत्री ओळखत असतील, तर तो पट्टा त्याचा. “आपल्याला हा रंग पट्टा ठरवायचा आहे. मूठ नाही,” त्या म्हणाल्या. “उपयोग नाही हे वाक्य म्हणून महत्त्वाचं. आणि ते लिहून देऊ शकेल अशी व्यक्ती एकच आहे. रंग तुम्ही चढवलात.”

दादा सोफ्याच्या टोकाला बसला होता. त्याने ताईकडे पाहिलं नाही. अप्पांचीच कल्पना होती ती, एक हौस, असं तो टीव्हीकडे बघत म्हणाला.

ताईने विचार करायला वेळ मागितला. धाकटा दुपारी तडजोडीला येणार होता, आणि त्याआधी हा कागद हाती आला तर बोलणं सोपं जाईल असं वकीलबाईंनी सौम्यपणे सुचवलं. तो सौम्यपणा ताईला टोचला.

रेघा का जुळतात हे तिला न मोजता माहीत होतं.

धाकट्याला लहानपणी वाचता येत नसे. म्हणजे यायचं, पण अक्षरं त्याच्यासाठी जागेवर उभी राहत नसत. एकेकाला धरून आणावं लागे. शाळेत त्याला मठ्ठ म्हणत. अप्पांनी त्याचा धंद्यात उपयोग केला. प्रत्येक नवीन गाणं आधी त्याच्यापुढे लावायचं, हातात माइक द्यायचा, आणि तो अडखळला की ताईला सांगायचं, रंग आधी घे. आणखी आधी. तो न अडखळता शेवटापर्यंत गेला की अप्पा म्हणायचे, “ह्याला जमलं ना, मग सोडा बाजारात.” सगळे हसायचे. धाकटाही हसायचा. त्याच्या हातात माइक असायचा, त्यामुळे त्याचं हसणं सगळ्यांपेक्षा मोठं ऐकू यायचं.

म्हणजे रंगाची ती जागा अप्पांनी ठरवली नव्हती आणि ताईनेही नाही. ती धाकट्यावर मोजून घेतलेली होती. आता तो स्वतःच्या डिस्क स्वतःवर मोजत होता, आणि अंतर तेच येत होतं. माणूस तोच, तर दुसरं काय येणार.

*

खाली छापखान्यात दादा प्रत्येक डिस्क उजेडात तिरकी धरून बघत होता. हे काम त्याचं नव्हतं. त्यासाठी माणसं होती. पण मन थाऱ्यावर नसलं की तो इथे येई. यंत्र दर वेळी एक उसासा टाकी आणि एक गरम, पारदर्शक चकती बाहेर सरकवी. पूर्वी तीन यंत्रं चालायची. आता एक चालत होतं, तेही रोज नाही.

ताई जिन्यावरून उतरताना दिसली तेव्हाच ती काय बोलणार हे त्याला कळलं. त्याने हातातली डिस्क उगाच पुन्हा तपासली.

ती म्हणाली की त्या वाक्यावर ती सही करणार नाही. त्याने कारण विचारलं नाही. उलट तिला परिस्थिती सांगायला लागला, जणू ती तिला माहीत नव्हती. डिस्क आता कोण घेतं. ज्या मोबाइल कंपनीशी त्याचं बोलणं चाललं होतं तिला गाणी नको होती, गाणी सगळ्यांकडे असतात. तिला हवा होता हा रंग, आणि तोही दुसऱ्या कोणाकडे नसेल तरच. सौदा झाला तर कारखाना तग धरेल. नाही झाला तर खालची ही माणसं कुठे जातील, आणि चिंगी, जी एवढं शिकून इथेच राहिली, तिने काय करायचं.

“आणि छोट्याने काय करायचं?” ताईने विचारलं.

“छोट्याने आपल्याला विचारलं होतं का जाताना?”

त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा चढला होता. यंत्रापाशी उभ्या माणसाने मान वळवली नाही, म्हणजे त्याने ऐकलं होतं. दादा आवाज खाली आणून म्हणाला की एक शब्द न बोलता तो गेला, आपला तबलजी घेऊन गेला, आणि जाताना गल्लीतल्या शेवटच्या हॉटेलपर्यंत सांगत गेला की चिमणीचे दिवस भरले. त्याने आपल्याला कमी छळलंय का?

ताई म्हणाली, नाही, पुष्कळ छळलंय. पण त्याचा या वाक्याशी संबंध नाही.

दादाला हे ताईचं नेहमीच असह्य व्हायचं. भांडणातसुद्धा ती प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या डब्यात ठेवायची. तो म्हणाला, “रंगाचा उपयोग होतो ना? मग ज्याला होतो त्याने कोर्टात उभं राहून सांगावं. मला वाचायला वेळ लागतो, हे मला लागतं. एवढंच सांगायचंय. दावा त्याच दिवशी संपेल. मी त्याचं तोंड धरलंय का?”

“तो सांगणार नाही हे तुला माहीत आहे.”

“मला काही माहीत नाही.”

“त्याच भरवशावर तू दावा लावलास, दादा.”

यंत्राने उसासा टाकला. चकती बाहेर आली. दादाने ती उचलली, बोटांना चटका बसला तरी धरून ठेवली, आणि आरपार ताईकडे बघितलं. मग म्हणाला की तिने सही केली नाही तरी चालेल. तडजोडीच्या करारात वकीलबाईंनी सगळं घातलं आहे. छोट्याने त्यावर सही केली की ताईच्या कागदाची गरजच उरणार नाही. आणि छोट्या सही करील, कारण त्याला कोर्टात उभं राहायचं नाही.

हे बोलून झाल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. तो पुन्हा डिस्क बघायला लागला. एक चांगली होती, तीही त्याने बाद केली.

*

धाकट्याच्या बायकोला, धाकटीला, वाटेत तीनदा वाटलं की गाडी परत फिरवायला सांगावी. नवरा शेजारी बसून गुडघा हलवत होता. त्याचा गुडघा हलायला लागला की घरातली भांडीसुद्धा सावध होतात, असं ती एरवी चेष्टेत म्हणे. आज म्हणाली नाही.

त्यांच्या स्वतःच्या वकिलाने काल स्पष्ट सांगितलं होतं की लढा, जिंकण्यासारखं आहे. आधी बदलणाऱ्या रंगामुळे गाणाऱ्याला खरोखर मदत होते हे सांगणारा एक साक्षीदार द्या. जितका साधा माणूस तितकं चांगलं. वाचायला त्रास होणारा कोणी असेल तर फारच उत्तम, त्याला कोर्टात पडद्यासमोर उभा करू, एकदा तुमच्या रंगाने, एकदा बाजारातल्या. न्यायाधीशांना डोळ्यांनी दिसेल.

नवरा म्हणाला होता की असा कोणी त्याच्या ओळखीचा नाही.

धाकटीने तेव्हा हातातल्या पर्सची चेन उघडली आणि लावली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिच्या लक्षात आलं होतं. हॉटेलात गेलं की तो म्हणे, तूच सांग काहीतरी, तुझी निवड चांगली असते. बँकेत गेलं की चष्मा घरी राहिलेला असे. चष्मा खिशातच असे; तिने कपडे धुताना बघितला होता. ती काही बोलली नाही. पहिल्यांदा, त्याला वाईट वाटेल म्हणून. नंतर, एवढे दिवस का बोलली नाहीस असं तो विचारील म्हणून. अशा रीतीने त्याचं एक गुपित होतं आणि त्या गुपिताभोवती तिचं एक. घर त्यावर व्यवस्थित चाललं होतं.

गाडीतून उतरताना ती म्हणाली, “आपण सगळं सोडून द्यायला आलो नाही आहोत ना?”

“बघू काय म्हणतात.”

“तुझे कामगार आहेत सहा. त्यांना काय सांगणार?”

तो म्हणाला की दादा एवढा वाईट नाही. मग जिना चढताना, तिच्याकडे न वळता, म्हणाला की वाईट आहे, पण एवढा नाही.

*

चाचणीच्या खोलीत धाकटा सोफ्यावर बसला. त्याच जागी, ताईने पाहिलं, जिथे तो पूर्वी माइक घेऊन बसायचा. धाकटी त्याच्या शेजारी. दादा समोर खुर्चीवर. सुरुवातीला कोणी मुद्द्याचं बोललं नाही. छापखान्यात काय चाललंय, त्याच्या गल्लीत पाणी येतं का, चिंगी बारीक झालीय. चिंगीने काकाला विचारलं की कावळ्याचं चित्र कोणी काढलं, बरं आहे. तो म्हणाला, काकूने. मांजर काढायला बसली होती. चिंगी हसली आणि मग बापाकडे बघून गप्प झाली.

वकीलबाईंनी त्यांच्या सौम्य आवाजात सगळं पुन्हा मांडलं: रेघा, छत्री, पट्टा. आणि ताईकडे वळून, कागद झाला का म्हणून विचारलं.

ताई म्हणाली की बाकी सगळ्याखाली ती सही करते. “उपयोग नाही असं मात्र मी लिहून देणार नाही. उपयोग आहे.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. चिंगीला आत्याचं काहीतरी चुकतंय असं वाटलं असावं, कारण ती सावरायला पुढे झाली. तिने स्वतः करून बघितलं होतं, ती म्हणाली. ती दोन्ही रंगांनी गायली होती, मैत्रिणींनाही गायला लावलं होतं. काही फरक पडला नाही. उलट आधी बदलणाऱ्या रंगाने थोडं गडबडायलाच होतं.

“तुला नाही पडणार फरक,” ताई म्हणाली.

“मग कोणाला पडतो?”

“लोकांना.”

“कुठल्या लोकांना, आत्या? मोजता येईल असं सांग. एक माणूस सांग.”

ताईने इतकी वर्षं या मुलीला हेच शिकवलं होतं, की हवेत बोलू नये, एक तरी नमुना समोर ठेवावा. नमुना समोर, सोफ्यावर बसला होता. तिची नजर तिकडे जायला निघाली आणि तिने ती वाटेत टीव्हीवर वळवली. पण धाकट्याने ती पाहिली. त्याचा गुडघा थांबला. तो ताईकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती; जिन्यावर पाय चुकलेला माणूस कठड्याकडे बघतो तसं ते बघणं होतं.

वकीलबाईही म्हणाल्या की असं कोणी असेल तर आत्ताच कळलेलं बरं, कारण मग प्रकरणाचं स्वरूपच बदलेल.

ताईला वाटलं, दादा बोलेल. दादा स्वतःच्या बोटावरचा भाजल्याचा डाग बघत होता.

“राहू दे ते,” धाकटा म्हणाला. “कशाला उगाच शोधाशोध. तुमचा करार आणलाय ना? द्या इकडे. बघतो.”

धाकटीने त्याच्या कोपराला हात लावला. त्याने कागद घेतले, खिशातून चष्मा काढला, लावला आणि वाचायला लागला.

तो छान वाचत होता. भुवया किंचित जवळ, अंगठा कडेला. एका जागी त्याने मान हलवली. एका जागी ‘अच्छा’ म्हणाला. योग्य वेळ गेल्यावर त्याने पान उलटलं. तेवढाच वेळ गेल्यावर दुसरं, तेवढाच वेळ गेल्यावर तिसरं. पहिलं पान भरगच्च होतं आणि तिसऱ्यावर सह्यांच्या जागा सोडून फार काही नव्हतं. ताईने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते कागदाच्या मध्यावर कुठेतरी शांत उभे होते.

पहिल्या पानावर काय आहे ते तिने सकाळी वाचलं होतं. बाजारात गेलेली प्रत्येक डिस्क परत घ्यायची. आहेत त्या फोडायच्या. कावळा सोडून द्यायचा. पुन्हा हा धंदा करायचा नाही.

“ठीक आहे,” धाकटा म्हणाला. “वाजवी आहे सगळं. पेन द्या.”

वकीलबाईंनी पेन पुढे केलं. त्यांचाही हात क्षणभर अडला, कारण असे कागद वाजवी आहे म्हणून कोणी परत देत नाही.

“थांब,” दादा म्हणाला.

*

धाकटीला वाटलं आता नवीन काहीतरी मागणार हा. पण दादा उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि सोफ्याच्या हातावर, तिच्या अगदी शेजारी, नवऱ्याकडे वाकून बसला. कागद त्याने धाकट्याच्या हातातून काढून घेतले.

“सही करायची तर सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचलेलं बरं. उद्या कोणी म्हणायला नको, ऐकलं नव्हतं.”

तो वाचायला लागला. आवाज ऑफिसातला, सपाट. दोन्ही पक्ष स्वखुशीने पुढील अटी मान्य करीत आहेत. कागद तिच्या डोळ्यांपुढेच होता आणि ती त्याच्याबरोबर ओळीवर ओळ उतरत होती. खालच्या ओळीत लिहिलं होतं की प्रतिवादी कावळा या चिन्हाच्या सर्व डिस्क बाजारातून परत घेऊन स्वखर्चाने नष्ट करील.

“‘प्रतिवादी,’” दादाने वाचलं, “‘कावळा हे चिन्ह यापुढेही वापरील. फक्त ते चिमणीच्या शेजारी लावणार नाही.’”

तिला वाटलं आपली ओळ चुकली. ती पुन्हा वर गेली. ओळ चुकली नव्हती.

वकीलबाईंनी मांडीवरच्या प्रतीतून डोकं वर केलं. समोर चिंगीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा ताईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून दिला.

दादा वाचत होता. जुन्या डिस्क कोणी परत मागणार नाही. तबलजी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहील. मधेच एखाद्या शब्दाशी तो थांबे, घसा साफ करी, आणि त्याच्या कपाळावर घाम आलेला तिला एवढ्या जवळून दिसत होता. “‘सुराच्या आधी रंग बदलणे ही कोणाची खूण नाही,’” त्याने वाचलं. “‘ती उपयोगाची गोष्ट आहे. ज्याला लागते त्याने वापरावी. चिमणी कंपनी त्यावर हक्क सांगणार नाही.’”

खाली यंत्र चाललेलं गाद्यांच्या भिंतींतून इथे येत नसे. त्या शांततेत तिला एकदम कळलं की तो केव्हापासून एकाच पानावर आहे. भरगच्च असलं तरी त्या पानावर एवढ्या ओळी नव्हत्या. तिने हात पुढे केला आणि त्याच्या हातातलं पान उलटलं. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. नव्या पानाच्या वरच्या टोकावर बोट ठेवून तो पुढे वाचायला लागला.

वाचून झालं. धाकटा मान खाली घालून ऐकत होता. चष्मा त्याने कधीच काढून ठेवला होता.

“ते रंगाचं परत वाच,” तो म्हणाला.

दादाने पान मागे उलटलं. “‘सुराच्या आधी रंग बदलणे ही कोणाची खूण नाही. ती उपयोगाची वस्तू आहे. ज्याला गरज असेल तो ती वापरू शकेल.’”

“मगाशी गोष्ट म्हणालास. आता वस्तू म्हणालास.”

धाकटीने कागदाकडे पाहिलं. कागदावर ना गोष्ट होती ना वस्तू. काळ्या, स्वच्छ, छापील अक्षरांत एक अगदी वेगळं वाक्य होतं.

“अक्षर नीट लागत नाहीये,” दादा म्हणाला.

धाकट्याने मान वर करून भावाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “होतं तसं. मलाही लागत नाही कधीकधी.”

चिंगीने आत्याकडे वळून बघितलं, आणि मग टीव्हीवर अजून तशाच उभ्या असलेल्या त्या दोन रेघांकडे. तिने जाऊन टीव्ही बंद केला.

वकीलबाई उठल्या. दादाच्या हातून त्यांनी कागद घेतले, स्वतःची प्रत त्यांवर ठेवली आणि सगळ्यांची मधोमध घडी घातली. त्या म्हणाल्या की छपाई खरंच खराब झालेली आहे, नवीन प्रत काढून आणावी लागेल. “पण मला पुन्हा एकदा सांगावं लागेल कोणीतरी. काय काय वाचलं ते.”

दादा खुर्चीकडे परत जायच्या ऐवजी सोफ्याच्या हातावरच बसून राहिला होता. सकाळी ज्या सौद्यासाठी त्याचा जीव वर-खाली होत होता तो आता गेला होता. तो सौदा धाकटीला माहीत नव्हता, पण काहीतरी हातचं गेलंय हे त्याच्या खांद्यांवरून तिला दिसत होतं. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण आपण काय वाचलं हे त्याला बहुधा आठवत नव्हतं.

“मी येतो तुमच्याबरोबर,” धाकटा वकीलबाईंना म्हणाला आणि उठला. “माझ्या शब्दन् शब्द लक्षात आहे.”